भिंतीवरचा उजेड

सलग चौथ्या दिवशी दुधाची गाडी उशिरा आली. संकलन केंद्राच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. केंद्रावर देखरेख करणारा माणूस मनगट वर धरूनच बाहेर आला. पाठीमागे सगळे त्याला घड्याळ म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

“बावीस,” तो म्हणाला. “काल अठरा. परवा पंचवीस. आता पुढच्या आठवड्यात काय, दुपारी आणणार?”

ड्रायव्हर खाली उतरला नाही. “धुकं आहे साहेब.”

“धुकं काय तुमच्याच रस्त्यावर पडतं? बाकीच्या पाच गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या, धुऊन गेल्यासुद्धा. टँकर तुमच्यासाठी तोंड वासून उभा.”

ड्रायव्हरची बायको मागच्या फळीवर उभी राहून कॅन उतरवत होती. चाळीस लिटरचा कॅन आधी काठावर तिरका करायचा, मग खाली उडी मारून मांडीवर घ्यायचा आणि मग जमिनीवर टेकवायचा. तीस कॅन. थंडीत कडीचं लोखंड बोटांना चिकटायचं. दोघांचं बोलणं तिला ऐकू येत होतं. ती मान वर न करता काम करत राहिली.

“सोमवारपासून सात म्हणजे सात,” घड्याळ म्हणाला. “त्यानंतरचं दूध मी घेणार नाही आणि मार्ग दुसऱ्याला देईन. एक जण रोज येऊन विचारून जातोय.”

“दिवे मंद झालेत गाडीचे. बदलून घेतो.”

“दिवे बदला, नाहीतर मी गाडी बदलतो.”

तो शुक्रवार होता.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर एकटाच बोलत होता. कंपनीचे दिवे म्हणजे कंदील. नव्या गाड्यांना बघ कसे पांढरेशुभ्र दिवे असतात, दिवस उगवल्यासारखे. बायको हात काखेत घालून बसली होती. एव्हाना ऊन वर आलं होतं, रस्ता लख्ख होता, आणि तरीही समोरून मोटारसायकल आली की तो गाडी अगदी कडेला घेत होता. तिने ते पाहिलं.

गाडी सासऱ्यांची. अकरा वस्त्यांचं दूध त्यांनी आयुष्यभर वाहिलं, त्यानंतर चौदा वर्षं थोरल्याने, तिच्या नवऱ्याने. जाताना सासरे म्हणाले होते, गाडी वाटायची नाही, विकायची नाही. जो चालवील त्याची. धाकटा तेव्हा मोटारीचं काम शिकत होता. आता त्याचं मोठ्या रस्त्यावर गॅरेज होतं आणि या गाडीचं कामही तोच करत होता. दोघा भावांत कधी भांडण झालं नव्हतं. पण गाडीत बसायची वेळ आली की धाकटा नेहमी डाव्या दारानेच चढायचा. ठरवून असावं तसं.

शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर एलईडी दिव्यांची जोडी घेऊन गॅरेजात आला. बायको बरोबर होती. धाकट्याने खोका उघडला, दिवा बोटांत फिरवून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला.

“दादा, हा बसतो. पण बसवायला नको.”

“म्हणजे काय?”

“आपल्या दिव्याचा कटोरा हॅलोजनसाठी केलाय. आत तार कुठे जळणार ते धरून त्याचा बाक काढलाय. यात उजेड दुसरीकडून निघतो. मग तो वाट्टेल तिकडे फेकला जातो.”

“सगळे बसवतात.”

“सगळे बसवतात आणि समोरचा शिव्या घालतो.”

“तू बसवणार का दुसऱ्याकडे जाऊ?”

धाकट्याने हात पुसले. “असं करू. एकच बसवतो. उजवीकडे एलईडी, डावीकडे जुना राहू दे. दोन्ही एकाच गाडीवर, एकाच बॅटरीवर. बघू कोण जास्त उजेड देतो. तू म्हणशील ते मग दोन्हीकडे बसवीन.”

गॅरेजमागे गोदामाची चुना लावलेली लांब भिंत होती. धाकट्याने टेपने पंचवीस फूट मोजले आणि गाडी तिथे भिंतीकडे तोंड करून उभी केली. दिव्याच्या काचेचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून त्याने भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारली. काम करताना तो बोलत नसे. अंधार पडेपर्यंत तिघेही तिथेच थांबले. धुक्याचा पातळ थर आतापासूनच जमिनीवर उतरत होता.

आधी उजव्या दिव्यावर पुठ्ठा धरून जुना हॅलोजन लावला. भिंतीवर पिवळा उजेड पडला. डावीकडून उजवीकडे जाणारा पट्टा, रेघेच्या जरा खाली सुरीने कापल्यासारखा थांबलेला. वरची भिंत काळी.

मग पुठ्ठा फिरवला. एलईडी लागला आणि ड्रायव्हरच्या तोंडून “बघ!” निघालं. सबंध भिंत पांढरी झाली होती. गोदामाचे पत्रे, पत्र्यावरचा गंज, मागच्या झाडाचा शेंडा, सगळं दिसत होतं.

“याला उजेड म्हणतात,” तो म्हणाला. “तो काय, रोगट.”

धाकट्याने फोन काढला. त्यात उजेड मोजायची सोय होती. भिंतीला फोन टेकवून आकडा वाचायचा आणि खडूने तिथेच लिहायचा. हॅलोजनच्या पट्ट्याच्या मध्यावर तीनशे चाळीस. एलईडीच्या मध्यावर चारशे दहा.

“झालं ना?” ड्रायव्हर म्हणाला.

“थांब. आता रेघेच्या वर.” धाकट्याने हात उंच केला. “हॅलोजन बारा. एलईडी एकशे तीस.”

“म्हणजे दहा पट!”

“दहा पट चुकीच्या जागी. हा वरचा उजेड रस्त्यावर पडत नाही, दादा. तो धुक्यावर पडतो आणि आपल्याच तोंडावर परत येतो. तुला भिंत चालवायची आहे का रस्ता?”

बायकोला हसू आलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, तसं ते तिने पदरात गिळलं.

“मग रस्त्यावरच बघू,” ड्रायव्हर म्हणाला. “आत्ता. ही चालत जाईल, मी बसून बघतो. दिसेनाशी झाली की हॉर्न देतो. जितकी पावलं, तितका दिवा.”

“मी पण बघतो,” धाकटा म्हणाला.

“तू पुठ्ठा धर. गाडी मी चालवतो, मीच बघणार.”

गॅरेजच्या बाजूने कालव्याचा रस्ता सरळ जात होता. गाडी वळवून त्यावर लावली. बायकोने एका कॅनचं झाकण काढून घेतलं आणि दोन्ही हात मागे करून ते पाठीशी धरलं, म्हणजे उजेडात चमकावं. धाकटा बंपरपाशी वाकून एका दिव्यावर पुठ्ठा दाबून उभा राहिला. पहिल्यांदा हॅलोजन.

ती मोजत निघाली. पुढे तिची सावली पडली होती, लांब, बारीक. पन्नासला धुकं दाट वाटायला लागलं. बासष्टला हॉर्न वाजला. ती थांबली. वळून पाहिलं तर पिवळा ठिपका स्वच्छ दिसत होता. सावलीही अजून रस्त्यावर होती. इतक्यात कसा वाजवला, असं तिच्या मनात येऊन गेलं. परत येऊन तिने आकडा सांगितला.

“बासष्ट,” ड्रायव्हर म्हणाला. “कंदील म्हणालो ना.”

“मला अजून दिसत होती,” धाकटा म्हणाला.

“तू खालून बघतोस.”

आता एलईडी. ती पुन्हा निघाली. या वेळी सावली नव्हती, सगळीकडे दूध सांडल्यासारखा उजेड होता आणि पायाखालचा खड्डा मात्र दिसत नव्हता. एक्केचाळिसावं पाऊल टाकलं आणि तिच्या उजव्या चपलेचा अंगठा निसटला. बाजूलाच मोरीचा कठडा होता. ती रस्ता सोडून कठड्यावर बसली, झाकण गवतात पालथं ठेवलं आणि अंगठा परत भोकातून ओढू लागली. आता हॉर्न वाजणार, असं धरूनच ती बसली होती.

हॉर्न वाजला नाही.

आपण बसलेलो त्यांना दिसत असू, असं तिला वाटलं. तिने गाडीच्या दिशेने हात हलवला. काही नाही. मग ती उठली आणि कठड्याच्या मागे जाऊन खाली बसली. दगड ओला होता. त्याच्याआड ती पूर्ण झाकली गेली. उजेड डोक्यावरून जात होता. तिला फक्त कालव्याचं पाणी ऐकू येत होतं. ती थांबली. पुष्कळ वेळ थांबली.

मग हॉर्न वाजला. लांब, खणखणीत.

ती कठड्यामागून उठली, झाकण उचललं, एक चप्पल हातात घेऊन परत आली.

“किती?” ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं. त्याचा चेहरा उजळला होता. “दीडशे तरी झाली असतील.”

तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडे वळले होते, पण नेमके तिच्यावर नव्हते. तिच्या कानाजवळ कुठेतरी.

“एकशे अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली.

धाकट्याने पुठ्ठा खाली ठेवला. “मला तर चाळिशीतच दिसेनाशी झालीस, वहिनी.”

“तुम्ही वाकून उभे होतात, भाऊजी.”

“चप्पल तुटली?”

“हो.”

“कुठे?”

“येताना.”

तो तिच्या हातातल्या चपलेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दादाची नजर भारी आहे म्हणायची.” आणि दुसरा एलईडी बसवायला पान्हा घेऊन वाकला. भिंतीवरचे खडूचे आकडे तसेच राहिले.

रविवारी पहाटे पाचला ते निघाले तेव्हा अंगणातलं झाड दिसत नव्हतं. ड्रायव्हरने दिवे लावले आणि काचेपुढे पांढरा पडदा उभा राहिला. तो पुढे सरकून बसला, छाती जवळजवळ स्टिअरिंगला टेकवून.

“बघ कसा उजेड आहे,” तो म्हणाला.

पडद्याखालून रस्त्याची डावी कड मधूनमधून दिसत होती. तिथेच तिने नजर खिळवली होती. पहिली वस्ती झाली. कॅन चढवताना तिचा हात घसरला, कडी नखावर आपटली. नख काळं पडणार हे तिला कळलं. ती बोट तोंडात धरून आत येऊन बसली.

दुसरा थांबा पुलापलीकडे. तिथे एक म्हातारी दोन कॅन घेऊन उभी असायची. सगळे तिला पुलावरची मावशी म्हणत. पूल संपला. गाडी हळूच होती, फार तर माणूस पळेल इतकी. पांढऱ्या पडद्यात काहीतरी गडद उभं होतं आणि ते हलत नव्हतं.

“अहो!”

त्याचा पाय हलला नाही.

“अहो, मावशी! थांबवा!”

त्याने ब्रेक दाबला, तिने त्याच वेळी हाताचा ब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली. पुढे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला, मग काही घरंगळत गेल्याचा.

ती उडी मारून खाली उतरली. मावशी कठड्याला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात डोळ्यांवर. एक कॅन आडवा पडला होता आणि दूध डांबरावरून वाफाळत उताराकडे चाललं होतं. म्हातारीच्या लुगड्याचा काठ भिजला होता. लागलं कुठे नव्हतं.

“मेले असते गं मी!” मावशी ओरडली. “सूर्य बांधून फिरताय होय गाडीला? डोळेच दिपले. मागे सरकायचं तर मागे काय आहे ते दिसेना. आणि एवढा उजेड करून यालाच मी दिसत नाही?”

ड्रायव्हर उतरला. बोनेटला हात लावत लावत पुढे आला. आडव्या कॅनवर त्याचा पाय अडखळला. कॅन त्याच्यापासून दोन हातांवर, त्याच्याच दिव्यांच्या झोतात पडलेला होता.

मावशीने एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, “बस बाबा. बस जरा तिथे.”

ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं.

बायकोने गाडीतून किल्ली काढून कमरेला खोचली. दिवे विझवले. मावशी उरलेला कॅन तिथेच ठेवून घरी निघून गेली. दोघं पुलाच्या कठड्यावर बसली. अंधार होता, धुकं होतं आणि दुधाचा ओला वास.

“काल मी एक्केचाळीस पावलांवर होते,” ती म्हणाली.

तो ओल्या डांबरावर चप्पल घासत राहिला.

“चप्पल तुटली म्हणून बसले. झाकण खाली ठेवलं. मग मुद्दाम कठड्यामागे लपले. तुम्ही हॉर्न दिलात तेव्हाही तिथेच होते.”

“मी मोजत होतो,” तो शेवटी म्हणाला.

“काय?”

“तुझी पावलं. मनात. तू किती भरभर चालतेस ते मला माहीत आहे की. पहिल्यांदा साठ मोजले आणि वाजवला. दुसऱ्यांदा दीडशे.” त्याने नाक ओढलं. “तू बसशील हे काय माहीत.”

“दिसत किती होतं?”

“दिव्याला कडं दिसतं. प्रत्येक दिव्याला. मध्ये काही नाही, भोवती कडं. पावसाळ्यापासून. डावा डोळा तर मळक्या काचेतून बघितल्यासारखा. मला वाटलं दिवा पांढरा लावला तर फाडून जाईल.”

“आणि मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगून काय करणार होतीस? तुझे डोळे लावणार होतीस?” मग हळू आवाजात, “त्याला सांगू नकोस. एकदा उजव्या दाराने चढला की तो उतरणार नाही. कुणीच उतरत नाही. मी उतरलो असतो का?”

ती किल्ली मुठीत धरून बसली. झुंजूमुंजू झालं, कालव्यावरची झाडं एकेक करून दिसायला लागली, मगच तिने ती दिली. बाकीच्या नऊ वस्त्या त्यांनी उजेडात केल्या. केंद्रावर पोचायला आठ वाजून दहा मिनिटं झाली. घड्याळाने आज मनगट वर केलं नाही. रविवार म्हणून दूध घेतलं, पुढच्या वाकलेल्या बंपरकडे आणि त्यावर वाळलेल्या पांढऱ्या ओघळाकडे बघितलं.

“उद्या सोमवार,” एवढंच तो म्हणाला.

दुपारी नवरा झोपल्यावर ती गॅरेजात गेली. धाकटा एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. फक्त पाय बाहेर. ती त्या पायांपाशी उभी राहिली. असं बोलणं तिला सोपं वाटलं.

“भाऊजी, काल मी खोटं सांगितलं.”

पाय हलले नाहीत. “माहीत आहे.”

“कसं?”

“हॉर्न वाजल्यावर तू कठड्यामागून उठलीस तेव्हा झाकण चमकलं. एवढ्याजवळ. मला काय डोळे नाहीत?” तो सरकत बाहेर आला. गालावर ग्रीसचा पट्टा होता. “मी महिनाभर बघतोय. परवा त्याने चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला, अर्धा बाहेर. मी पकडला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? दादा, तुला दिसत नाही, दे गाडी इकडे? मी तोंड उघडलं असतं तर ते गाडीसाठी उघडलं असतं. तुलाही तसंच वाटलं असतं. खरं सांग, वाटलं नसतं?”

वाटलं असतं. तिने मान खाली घातली. मग पहाटेचं सगळं सांगितलं. पूल, मावशी, आडवा कॅन. ऐकताना तो हातातला पान्हा उगाच उघडत-मिटत राहिला.

“डोळ्याची काच धुरकटली असणार,” तो म्हणाला. “मोतीबिंदू. दुरुस्त होतो तो. आपल्याकडे वाकलेला बंपर सरळ करायला त्याहून जास्त दिवस लागतात.”

“तोवर?”

“तोवर मी चालवतो. सातपर्यंत गाडी रिकामी करून येतो, मग गॅरेज उघडतो.”

“आणि नंतर?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न कशाचा आहे हे त्याला कळलं होतं, आणि तो लागलाही होता. “गाडी परत देईन असं लिहून देऊ का?”

“नको. किल्ली रोज दूध टाकून आलात की माझ्याकडे द्यायची. तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही.”

“माझ्यावर पहारा?”

“दोघांवर.”

तो हसला नाही. पान्हा खाली ठेवून म्हणाला, “संध्याकाळी गाडी न्यायला येतो. ते दोन सूर्य काढून टाकतो.”

नवऱ्याला तिने जेवायला वाढतानाच सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका वाक्यात. त्याने ताट पुढे सरकवलं. “म्हणजे सांगितलंस.”

“हो.”

“माझ्या पाठीमागे.”

“तुमच्या पुढ्यात सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलू दिलं असतं?”

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. धाकट्याने गाडी आणून लावली आणि किल्ली तिच्या हातात दिली, तेव्हाही नवऱ्याने मान वळवली नाही. पिवळे दिवे अंगणातून फिरले आणि विझले, तेवढं मात्र त्याने पाहिलं असावं. रात्री तो अंथरुणावर आला, पण भिंतीकडे तोंड करून. तिलाही झोप लागली नाही. सोमवारी हा माणूस काय करील, एवढंच ती घोळवत होती.

पावणेपाचला धाकटा आला. ड्रायव्हर आधीच गाडीत होता. उजव्या बाजूला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच वर केलेली.

धाकटा दाराखाली उभा राहिला. त्याने दाराला हात लावला नाही. “दादा.”

धुकं काचेवर जमून थेंब थेंब खाली येत होतं. पलीकडे कुणाची तरी म्हैस खाकरली. पाच मिनिटं गेली असतील. पाचला निघालं नाही तर सातला पोचणं होणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

बायको पुढे झाली. तिने काचेवर बोट वाजवलं. काच खाली आली.

“किल्ली दे,” तो म्हणाला.

“उतरा आधी.”

“किल्ली दे. थंडीत हिला सेल्फ दोनदा मारावा लागतो. दुसऱ्यांदा अर्धाच. त्याला जमणार नाही, बॅटरी बसवून ठेवील.”

तिने धाकट्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. दार आतून लावलेलं होतं. एकदा किल्ली हातात गेली की हा माणूस गाडी काढून धुक्यात निघून जाऊ शकत होता. त्याला कुणी अडवणार नव्हतं. तिने कमरेची किल्ली काढली. ठसठसणाऱ्या बोटाने ती नीट धरताही येत नव्हती.

तिने किल्ली दिली.

त्याला भोक पहिल्या झटक्यात सापडलं नाही. बोटाने चाचपून त्याने ती घातली. एकदा सेल्फ मारला, थांबला, दुसऱ्यांदा अर्धा मारला. इंजिन खोकलं आणि लागलं. त्याने दिवे लावले. जमिनीलगत पिवळा पट्टा पसरला, अंगणाच्या फाटकापर्यंत. तो समोर बघत बसून राहिला, इंजिन तापेपर्यंत.

मग त्याने गिअर मोकळा आहे का ते हाताने हलवून पाहिलं, एक पाय उचलला आणि गिअरच्या दांड्यावरून अंग ओढत ओढत आतल्या आतच डावीकडच्या सीटवर सरकला. खाली उतरला नाही. उजव्या दाराची कडी त्याने लांबूनच हात घालून काढली.

धाकटा चढला.

“दुसरा गिअर अडकतो,” ड्रायव्हर म्हणाला. “जोर लावायचा नाही. बोलावल्यासारखा घ्यायचा.”

“हो दादा.”

“हो काय, घे.”

ती मागे कॅनांच्या मधे बसली. पुढची जागा तिघांना पुरली असती, पण तिला मागे बसावंसं वाटलं. वारा झोंबत होता. ताडपत्रीच्या फटीतून दोघांचे आवाज येत होते. पुलाच्या आधी वळण आहे, चाकाखाली डांबर बदलल्याचा आवाज येईल तेव्हा वेग सोड. मला दिसतंय दादा. दिसतंय तर मग ब्रेक का मारलास? कुत्रं होतं. कुत्रं बाजूला होतं रे, ते रोज तिथेच असतं. भांडत, अडखळत, अकरा वस्त्या झाल्या. मावशीने आज एकच कॅन दिला आणि तोही स्वतः उचलून दिला नाही, दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

फाटकातून आत शिरताना सहा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

घड्याळ बाहेर आला. मनगटाकडे पाहिलं, उजव्या खिडकीतल्या नव्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि वहीचं पान उलटलं. “चालक बदलला? तसं लिहावं लागतं. हे कोण?”

धाकट्याने दादाकडे पाहिलं. मागच्या फळीवर बायकोचे हात कॅनच्या कडीवर थांबले.

डावं दार उघडलं. ड्रायव्हरने पायरी पायाने चाचपली, खाली उतरला आणि गाडीला हात लावून उभा राहिला.

“माझा भाऊ आहे,” तो म्हणाला. “आजपासून हा चालवतो. मला दिसत नाही नीट. लिहा.”

घड्याळाने लिहिलं. लिहिता लिहिता सवयीने विचारलं, “आणि तुम्ही? गाडीबरोबर येणाऱ्या प्रत्येकाचं काम लिहायचं असतं.”

तो मागच्या फळीच्या दिशेने मान करून म्हणाला, “मी हिच्या हाताखाली.”

घड्याळ हसला. त्याला तो विनोद वाटला. आणखी कुणी हसलं नाही.

बायकोने पहिला कॅन काठावर तिरका केला. “मग धरा,” ती म्हणाली. “इकडे. हात जरा वर. हं, ही कडी.”

त्याच्या हाताला कडी लागली. दुसरी कडी तिने धरली आणि दोघांनी मिळून कॅन खाली घेतला.